सात नंबरच्या झेंड्या

हं, तर कुलपाचं झालं सांगून. म्हणजे दार लावायचं, कुलूप ओढून बघायचं, चार घरं पुढे जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. माझी जाऊ म्हणायची, "ताई, एक दिवस ते कुलूपच यांना सांगेल, बाबा रे, मी लागलोय, जा आता कामाला." असे आमचे भावजी. माझे धाकटे दीर, तुझे धाकटे आजोबा. सगळे त्यांना 'पण' म्हणायचे, कारण त्यांचं बोलणंच तिथून सुरू व्हायचं. दूध आलं, पण पातळ वाटतंय. पाऊस थांबला, पण ढग गेले कुठे? लग्न लागल्यावर बायकोशी पहिलं काय बोलले असतील? "पण तुला मी खरंच पसंत आहे, की घरच्यांनी सांगितलं म्हणून?" जाऊ म्हणाली, हे आता विचारताय? अजून ती हे सांगते आणि दर वेळी हसता हसता तिला ठसका लागतो.

भावजी गोल्फच्या मैदानावर गवताचे मुकादम होते. मीही तिथंच, खुरपणीच्या बायकांत. मोठ्या लोकांचा खेळ तो. पांढरा चेंडू, हातात लांब काठी, आणि चालणं इतकं की त्या चालण्यात आमची अर्धी खुरपणी झाली असती. आता तुला वाटेल होल म्हणजे भोक. मलाही आधी तसंच वाटलं होतं. भोक असतंच, पेल्याएवढं, त्यात झेंड्याची काठी उभी. पण जिथून पहिला चेंडू मारतात तिथपासून त्या भोकापर्यंतचा सगळा लांबच्या लांब पट्टा, त्यालाच एक होल म्हणतात. अशी अठरा. शेवटी भोकाभोवती जी गालिच्यासारखी बारीक कापलेली जागा असते ती ग्रीन. मध्ये मध्ये वाळूचे खड्डे, चेंडू अडकायला. आम्ही आपलं एक नंबर, दोन नंबर असं म्हणायचो.

तर सात नंबर हे भावजींचं दुखणं. त्याची ग्रीन एका खोलगट कोपऱ्यात होती, मागे दाट झाडांची भिंत. सकाळचं ऊन तिथं पोचायचंच नाही. पाणी मुरायचं नाही, वारा फिरायचा नाही. गवत पिवळं पडायचं, मग विरळ व्हायचं, मग खाली हिरवं शेवाळ. भावजी त्याला खत घालायचे, औषध मारायचे, रात्री ताप बघतात तसं पहाटे जाऊन हात लावून बघायचे. थोडं सुधारलं की पुन्हा खाली.

आणि त्यातच एकदा ती औषधवाल्याची गोष्ट घडली होती. एक गोड बोलणारा विक्रेता आला, एक डबा दिला, म्हणाला हे टॉनिक, एकदा मारा आणि बघा. भावजींनी आयुष्यात एकदाच 'पण' न म्हणता विश्वास ठेवला. चार दिवसांत अर्धी ग्रीन करपली. विक्रेता गेला तो गेलाच. खेळणाऱ्या साहेबलोकांत मात्र बोलणं कायमचं झालं, सात नंबर पणनं जाळली. पुढे गवत परत आलं तरी ते बोलणं काही गेलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. भावजी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

मग क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी ठरवलं, सात नंबर नव्यानं बांधायची. त्यासाठी बाहेरून एक बाई आणली. होल आखणारी. हातात नकाशांची गुंडाळी असायची म्हणून आम्ही तिला नकाशेवाली म्हणायचो. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी, उन्हानं रापलेली, पायात चिखलाचे बूट. पहिल्या दिवशी तिनं काय केलं असेल तर आमच्याकडून झाडांना पाणी घालायचा लांब पाइप मागून घेतला आणि तो जमिनीवर सापासारखा वळवून ठेवला. मग लांब जाऊन एक डोळा मिटून बघायची. परत यायची, पाइपाला पायानं जरा पोट काढायची, परत लांब जायची. आम्ही खुरपी खाली ठेवून बघत बसलो. एक बाई म्हणाली, हिला नाग पकडायचाय का गारूड करायचंय?

भावजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, पण ही एक डोळा का मिटते? एका डोळ्यानं बघणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं."

मी म्हटलं, शिंपीही सुईत दोरा घालताना एक डोळा मिटतो, तो काय लपवतो? त्यांना काही ते पटलं नाही.

दुपारी ती बाई आपला डबा घेऊन आमच्यातच येऊन बसायची, खाली गवतावर. सावली आमची, भांडण आमचं, ती ऐकत बसायची. भावजींना तेही खटकायचं. आपल्यात का बसते, ऑफिसात खुर्च्या नाहीत का? मला मात्र तिनं एकदा सगळं नीट समजावलं होतं. म्हणाली, आजवर सगळे चेंडू उजवीकडनं मारतात, कारण तिकडे काही अडचणच नाही. डोकं चालवायची गरज नाही. त्यामुळे सगळे तिथूनच चालतात आणि तिथलं गवत तुडवलं जातं, डावीकडचा वाळूचा खड्डा नुसता बघायला आहे. आता ती वाळू उजवीकडे पट्ट्यात आणणार. ज्याच्या अंगात धमक आहे त्यानं वाळूवरून मारावा, त्याला पुढचा फटका सोपा. भित्र्यानं वळसा घ्यावा, त्याला पुढे अवघड. आणि ग्रीन त्या खोलगटातनं उचलून डावीकडे उंचावर घ्यायची, खाली खडी आणि पाइप घालायचे, मागची काही झाडं काढायची, म्हणजे ऊन येईल. पंपाची ती भकास खोली दिसते ती झाडोऱ्याआड जाईल. मी म्हटलं, म्हणजे घर तेच, चूल हलवायची. ती हसली, म्हणाली, चूलच चुकीच्या कोपऱ्यात होती हो.

हे मी भावजींना सांगितलं तर त्यांचं तोंड उतरलं. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. सेक्रेटरी साहेबांनी म्हणे ऑफिसात म्हटलं होतं की नवी सात नंबर झाली की गवताचं सगळं काम ठेकेदार कंपनीला द्यायचं का ते बघू. म्हणजे नवं गवत नीट आलं तर आमची माणसं राहणार, नाहीतर मुकादमासकट सगळी घरी. भावजींना वाटत होतं ही बाई त्यासाठीच आणलीय. गवत मेलं तर पणनं मारलं म्हणायचं, आणि जगलं तर म्हणायचं, बघा, पणच्या हातून गेलं म्हणून जगलं. दोन्हीकडून मार. त्यात त्यांचं अगदीच चूक होतं असं मलाही म्हणता येईना. साहेबलोकांच्या मनात काय असतं ते आपल्याला कुठे दिसतं?

पाइपाची आखणी पक्की झाली तशी बाईंनी त्या रेषेवर बारीक तारेच्या झेंड्या रोवल्या. वाळूच्या खड्ड्यासाठी लाल. गवतावर रंग मारायचा तर सेक्रेटरी साहेबांना नको होता, खेळ चालू होता, साहेबलोक कुरकुर करतात. बाई म्हणाली, खोदायला अजून वेळ आहे, तोवर झेंड्या राहू द्या, लोक कसे खेळतात, चेंडू कुठे पडतो ते मी येऊन बघत जाईन. आणि गेली दुसऱ्या कामाला.

परत आली आणि एक डोळा मिटून उभी राहिली ती उभीच राहिली. झेंड्या हलल्या होत्या. तिनं पाइपानं जे पोट काढलं होतं ते बसलं होतं. लाल रांग पट्ट्यातनं मागे सरून जुन्या कडेला चिकटायला आली होती. म्हणजे काय झालं, तर नवा खड्डा आपोआप वाटेतनं बाजूला झाला, आणि पूर्वीची सोपी वाट पुन्हा मोकळी. बाईंकडे फोटो होते, त्यात दाखवलं. वारा म्हणावा तर वारा झेंडी पाडेल, उचलून दुसरीकडे रोवेल का? तिनं सगळ्या परत जागेवर लावल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

झालं. मैदानावर कुजबूज सुरू. सेक्रेटरी साहेब म्हणाले, हे गवतवाल्यांचंच काम. यांना नवं नकोय. आणखी एकदा असं झालं तर ठेक्याचा निर्णय तिथल्या तिथे घेईन. भावजींना आयुष्यभर ज्याची भीती होती ते आता दारात उभं होतं, आणि कुणीतरी मुद्दाम ढकलत होतं. कोण?

आधी त्यांचा संशय ठेकेदार कंपनीच्या माणसांवर. ते दोघं एकदा पट्टी घेऊन मोजमाप करून गेले होते. मग जुन्या म्हाताऱ्या साहेबांवर, त्यांना सोपी वाट हवी म्हणून. मग कुत्र्यांवर, पण कुत्रं काही रांगेत झेंड्या रोवणार नाही. मग नकाशेवालीवरच. तीच हलवते आणि तीच ओरडते, म्हणजे काम लांबतं. मी म्हटलं, भावजी, एवढा डाव खेळणारी असती तर हातात काठी घेऊन साहेबांबरोबर खेळली नसती का?

मग पाळी आली वॉचमनची. बिचारा साधा माणूस, जरा घोरणारा एवढाच काय तो दोष. त्यानं सांगितलं, फाटकातून कुणी आत आलं नाही. भावजी म्हणाले, कुणी आलं नाही आणि झेंड्या हलल्या, म्हणजे आत कोण होतं? हाच. ते बोलणं सेक्रेटरी साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी चौकशी होईपर्यंत वॉचमनला घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याची बायको फाटकापाशी येऊन उभी राहिली होती. मी खुरपं टाकून तिच्याकडे गेले तर तिनं तोंड फिरवलं. मी पणची वहिनी ना.

वॉचमन घरी गेला आणि झेंड्या तरीही सरकल्या.

आता भावजी जवळच्या माणसांकडेही बघायला लागले. आणि एका दुपारी, सगळ्या बायकांसमोर, ते मला म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण तुम्ही त्या बाईबरोबर जेवता. झेंड्यांच्या बाजूला तुम्हीच खुरपता. तुम्ही तर नाही ना?"

माझ्या नाकाला अशी मिरची झोंबली म्हणून सांगू. ज्याला मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाढून दिलं, त्यानं चारचौघींत मला विचारावं? मी खुरपं उचललं आणि उठले. घरी येऊन जावेला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला सांग, वहिनी मेली असं समजा. तुझे आजोबा म्हणाले, जाऊ दे, तो आरशालाही विचारतो तू कोण. मी म्हटलं, मग आरशाबरोबरच जेवा म्हणावं. किती तरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. एकाच मैदानावर, ते मशीनवर, मी खुरप्यावर, आणि दोघांची पाठ एकमेकांकडे.

पण अबोल्याचा एक फायदा असतो बाळा. बोलणं बंद झालं की माणूस बघायला लागतो.

मी चढावर बसून खुरपत होते. खाली भावजी गवत कापायचं मशीन घेऊन सात नंबरच्या पट्ट्यात आले. झेंड्यांपाशी थांबले. पात्यात तार आली तर पातं जाईल, म्हणून त्यांनी झेंड्या भराभर उपटल्या आणि जुडी करून काखेत मारली. मशीन पुढे नेलं, वळवलं, मागे आणलं. आणि मग काखेतली एकेक झेंडी काढून रोवत गेले. रोवताना तोंडानं पुटपुटणं चालूच, कोण असेल, कोण असेल. मी बघितलं, त्यांची नजर झेंडीवर नव्हतीच. ती होती आत्ताच कापलेल्या गवताच्या कडेवर.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी अगदी वाईट आलं मनात, खोटं कशाला सांगू. म्हटलं, हेच. मुद्दाम करतायत आणि वर माझ्यावर आळ. दुसऱ्या दिवशी मी जवळच्या वाफ्यात जाऊन बसले. तर काय, सगळ्या झेंड्या रोवून झाल्यावर हा माणूस लांब जाऊन बाईंसारखाच एक डोळा मिटून उभा! एक झेंडी त्यांना वाकडी वाटली म्हणून परत येऊन ती नीट केली. इतक्या काळजीनं कुणी चोरी करतं का? मग मला जास्त भीती वाटली. यांना ठाऊकच नव्हतं.

अबोला मीच मोडला. जवळ गेले आणि विचारलं, "भावजी, झेंडी काढली की जमिनीत बारीक भोक राहतं ना? परत घालताना त्याच भोकात घालता का?"

ते म्हणाले, भोकं कशाला शोधायची. इतकी वर्षं कापतोय, मला लाईन माहीत आहे.

बोलले आणि जागीच थबकले. आपल्याच तोंडून काय निघालं ते आपल्याच कानाला पोचायला वेळ लागतो तसं. मग ते गुडघ्यावर बसले. शेवटची झेंडी उपटली आणि तिच्या भोवतीचं गवत बोटांनी विंचरायला लागले, आई मुलाच्या डोक्यातली ऊ शोधते तसं. वीतभर अलीकडे एक भोक सापडलं, तारेएवढं. त्याच्या वीतभर अलीकडे आणखी एक. त्याच्याही अलीकडे आणखी. मुंग्यांची रांग असावी तशी भोकांची रांग, बाईंच्या जागेपासून निघालेली आणि जुन्या कडेकडे चाललेली. रोज वीतभर. दुसऱ्या झेंडीपाशी तीच रांग. तिसरीपाशी तीच.

आता मशीनचं असं आहे की ते जुन्या कडेनं वळायचं, तसंच वळायची त्याला सवय. आणि त्याच्यामागे भावजींच्या हाताला. डोकं म्हणत होतं झेंड्या जागेवर लावतोय, आणि हात गुपचूप जुनी सात नंबर आखत होते.

भावजींनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'पण' न म्हणता बसलेलं पाहिलं. त्या औषधाच्या डब्याच्या वेळी मी तिथं नव्हते.

माझं डोकं लगेच चाललं. मी म्हटलं, उद्यापासून भोकात बघून रोवा. कुणाला कळायचं नाही. सरकणं थांबलं की सगळे विसरतील. तुमचं काम राहील, आमचंही राहील. खरं सांगते, मला त्यात काही पाप वाटलं नाही. मुद्दाम थोडंच केलं होतं त्यांनी?

ते म्हणाले, "आणि वॉचमन?"

एवढंच. मग उठले, गुडघ्याची माती झटकली आणि तसेच ऑफिसकडे निघाले. मी मागून गेले. वाटेत म्हणाले, वहिनी, आज कदाचित सगळ्यांनाच घरी घेऊन जाईन मी. मी म्हटलं, चला, घर आपलंच आहे.

ऑफिसात सेक्रेटरी साहेब होते आणि त्या दिवशी नेमकी बाईही आली होती. भावजींनी उभ्या उभ्या सांगितलं, झेंड्या मी हलवतो, वॉचमनला परत बोलवा. साहेबांचा चेहरा लाल झाला. इतके दिवस आम्हाला वेड्यात काढलंत म्हणाले. आणि गंमत बघ, बाईंचा विश्वासच बसेना. जन्मभर ज्यानं कुणावर भरवसा ठेवला नाही तो एकदा खरं बोलायला गेला तर समोरच्याला संशय. ती म्हणाली, न ठरवता इतकी सरळ रेघ कुणाच्या हातून येईल? तुम्ही कुणाला तरी वाचवताय. आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे आळ फिरून पुन्हा माझ्याच दारात.

भावजी म्हणाले, चला, दाखवतो. सगळे सात नंबरवर आलो. ते गुडघ्यावर बसले, बाईही चिखलाची पर्वा न करता बसली. त्यांनी एकेक भोक बोटानं दाखवलं. ती दुसऱ्या झेंडीपाशी स्वतः शोधायला लागली, सापडत गेलं तसतशी पुढे रांगत गेली. मग तिथंच मांडी घालून बसली.

म्हणाली, "तुमच्या हातांना अजून जुनंच होल आठवतंय."

भावजी म्हणाले, "हात माझेच आहेत बाई. पण मी त्यांना सांगितलं नव्हतं."

ती हसली. साहेब हसले नाहीत. ते लगेच ठेक्याचं बोलायला लागले. अशी माणसं नव्या कामात कशी चालतील, यांचे हात उद्या पाणीही जुन्याच जागी घालतील. बोलण्यात चूक नव्हती. मी मान खाली घातली. तर बाई म्हणाली, गवत रुजेपर्यंत हाच माणूस मला हवा. काही बिघडलं तर हा येऊन सांगेल, माझ्यामुळे बिघडलं म्हणून. ठेकेदार सांगेल का? साहेब झेंड्यांच्या रांगेवरून एकदा चालून आले. शेवटी म्हणाले, रुजेपर्यंत. नाही रुजलं तर बघू.

घरी जावेला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं, काखेत झेंड्या आजच ऐकल्या. जेवणं झाल्यावर माझ्या ताटाजवळचं पाणी भावजींनी आपल्या हातानं भरून ठेवलं. माफी त्यांना बोलून मागता यायची नाही. मी प्याले. झालं.

वॉचमनकडे मात्र बोलूनच मागावी लागली. भावजी त्याच्या घरी गेले, बाहेरच उभे राहिले. वॉचमन म्हणाला, आता तरी माझ्यावर विश्वास आहे का? भावजींनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "थोडा." त्याची बायको आतून हसली, त्या हसण्यावरच ते निभावलं. तो दुसऱ्या दिवशी फाटकावर हजर झाला.

मग बाईंनी साहेबांची परवानगी काढून सरळ पांढरी रेघ मारली आणि खोदकाम लागलं. मागची काही झाडं गेली, तेव्हा पहिल्यांदा सकाळचं ऊन त्या कोपऱ्यात उतरलेलं मी पाहिलं. नवी जागा उंच केली, खाली खडी, पाइप, वर चाळलेली वाळू-माती, मग गवत. भावजी रोज बोट खुपसून ओल बघायचे. आज ठीक आहे, पण उद्या मरेल. उद्या ठीक असायचं, मग परवा. मुळं धरली तेव्हा म्हणाले, मुळं धरली पण रंग जास्तच हिरवा वाटतो, यांनी रंग तर मारला नाही? खिशातला पांढरा रुमाल काढून गवतावर घासून बघितला. मी डोळ्यांनी पाहिलंय. रुमालाला माती लागली, रंग नाही. त्या रात्री म्हणे जावेला विचारत होते, पण त्या बाईनं माझी बाजू का घेतली असेल?

गवत रुजलं. शेवाळ परत आलं नाही. साहेबलोक वाळूत अडकायला लागले आणि शिव्या घालायला लागले, आणि तरी सात नंबरवर जास्त वेळ उभे राहायला लागले, इकडून मारू की तिकडून. ठेक्याचं बोलणं विरलं. आमची माणसं राहिली. बाई शेवटची आली तेव्हा ग्रीनच्या कडेला भावजींना विचारलं, कसं वाटतंय? मला वाटलं आता तरी म्हणतील. ते म्हणाले, बघू, हा उन्हाळा जाऊ दे. ती म्हणाली, बरं. नकाशे गाडीत टाकले आणि गेली. पुन्हा इकडे तिला काम लागलं नाही.

तो उन्हाळा गेला. पुढचाही गेला. कितीक गेले, भावजींनी त्याच गवतावर नोकरी संपवली. गुडघे गेले तेव्हा सोडली. शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सात नंबरपर्यंत चालत गेले, ते हळू चालत होते. सकाळ होती, ऊन नव्या ग्रीनवर पसरलं होतं. गवत न्याहाळायला लागले. मला वाटलं काहीतरी खोट शोधतायत. मग म्हणाले, "वहिनी, त्या बाईंचं बरोबर होतं. गवताला ऊन हवं होतं. मी त्याला सावलीत औषध पाजत बसलो."

मी म्हटलं, हे तिला कळवायला हवं होतं. म्हणाले, आता कुठे शोधायची, आणि सांगून ती खरं मानेल कशावरून?

आता ते लेकीकडे असतात, बरे आहेत, तिच्याही दाराचं कुलूप ओढून बघतात. ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, मी ओळखून आहे. म्हणून हे तुझ्याकडून लिहून घेतलंय. हे वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाला कुठे एखादी बाई दिसली, आता तिचेही केस पिकले असतील, गवतावर पाण्याचा पाइप वळवून लांब उभी राहून एक डोळा मिटून बघणारी, तर तिच्यापाशी थांबा आणि एवढं सांगा, सात नंबरचं गवत उत्तम आहे. आणि हे मुकादमानंच म्हटलंय म्हणून सांगा.